दोनाचे चार हात आणि नाटकातली माणसे

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने ‘एकच प्याला’तले शेवटचे दोन प्रवेश केले. पडदा पडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. प्रयोग बरा वठला या आनंदात मी मागच्या दाराने बाहेर आले, तर पायरीवर दोन आज्या बोलत बसलेल्या. एक म्हणाली, “बायको असावी तर अशी बघ.” दुसरी म्हणाली, “व्हय की. आणि चार दिस जगली असती तर सुधारला असता की गं तो!”

पहिले वाक्य मी अनेकदा ऐकले होते. दुसऱ्याने मात्र माझी झोप उडवली. तान्हे मूल गेले, बायको गेली, आणि तरीही हिशेब असा की सोसण्यात चार दिवस कमी पडले! आज्यांना मी दोष देत नाही. त्यांनी नाटकातून तेच घेतले जे आयुष्यभर आपल्या गल्लीत ऐकले. आमच्या खासबागेत मुलगा वाया जाऊ लागला, संध्याकाळी पाय नको त्या दिशेला वळू लागले, की वडीलधारी माणसे एकच औषध सांगतात. “दोनाचे चार हात करून टाका, सुधारतंय बघा.” शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठेही जा, औषध तेच. आणि कुणी शिकलेला माणूस त्यावर शिक्कामोर्तब करताना म्हणतो, “प्रेमाने माणूस बदलतो. आपली नाटके, आपली पुराणे दुसरे काय सांगतात?”

खरेच आपली नाटके हे सांगतात का? या लेखात मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे.

तो आपण विचारावा याला एक कारणही आहे. मराठी संगीत नाटकाचे गोत्र आपल्या मातीतले आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या अंगणात कानडी आणि मराठी दोन्ही भाषा खेळल्या. बेळगावात त्यांनी नोकरी केली. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल इथेच शिकले आणि इथेच काही वर्षे त्यांनी मास्तरकी केली. त्याही मागे जायचे तर सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्याला निमित्त झाले कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचे. आणि आमच्या खासबागेला लागून असलेले शहापूर त्या काळी सांगली संस्थानातच मोडत होते. तेव्हा ही नाटके आपल्या घरची आहेत. घरच्या गोष्टीचा अर्थ चुकीचा लावला जात असेल तर बोलायला आपणच हवे.

प्रथम ‘शाकुंतल’ घेऊ. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याला किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला, तो पहिल्या चार अंकांचा होता. म्हणजे त्या रात्री प्रेक्षकांनी प्रेम पाहिले, गांधर्वविवाह पाहिला, कण्वाच्या आश्रमातून निघणारी शकुंतला पाहिली आणि डोळे पुसत घर गाठले. मला वाटते, आपण अजूनही मनाने चौथ्या अंकाशीच थांबलो आहोत. सासरी निघालेली मुलगी आणि गहिवरलेला बाप यापुढचे ‘शाकुंतल’ आपल्याला फारसे आठवत नाही. कालिदासाचे खरे नाटक तर पाचव्या अंकात सुरू होते.

पाचव्या अंकात राजा तिला ओळखत नाही. शापाने त्याची स्मृती गेली आहे हे खरे, पण हा शाप कालिदासाने घातलेला. महाभारतातल्या दुष्यंताला शाप नाही. तो उघड उघड नाकारतो आणि तिथली शकुंतला भर सभेत त्याच्याशी वाद घालते. कालिदासाने राजाला शापाचा आडोसा दिला, तरी शकुंतलेची जीभ कापली नाही. ती त्याला अनार्य म्हणते. आश्रमातली भित्री मुलगी हस्तिनापुरात उभी राहून राजाला जाब विचारते. प्रेमाने पहिला बदल घडला तो तिच्यात, आणि तो मऊ होण्याचा नव्हता.

दुष्यंत कधी बदलला? कोळ्याजवळ अंगठी सापडली तेव्हा त्याला आठवण आली, पश्चात्ताप झाला. तो चित्र काढीत बसला, वसंतोत्सव बंद केला. पण पश्चात्ताप हा नुसता रडका असू शकतो. सहाव्या अंकात एक छोटा प्रसंग आहे, जो प्रयोगात बहुधा गाळला जातो. समुद्रावर व्यापार करणारा एक सावकार जहाज फुटून मरतो. त्याला मूल नाही, म्हणून त्याची संपत्ती राजाच्या खजिन्यात जमा व्हायची. प्रधान तसा कागद पाठवतो. राजा विचारतो, त्याच्या बायकांपैकी कुणी गर्भवती आहे का पाहा. एक आहे असे कळते. राजा निवाडा देतो की बापाच्या धनावर त्या न जन्मलेल्या बाळाचा हक्क आहे. आणि पुढे दवंडी पिटवतो, की प्रजेपैकी ज्याचे जे माणूस गेले असेल त्याच्या जागी, पापाचा अपवाद सोडून, हा दुष्यंत आहे असे समजावे.

पाहा, इथे माणूस बदलला. गर्भवती बायकोला ज्याने दारातून परत लावले, तोच आता परक्या बाईच्या पोटातल्या बाळाचा हक्क जपतो आहे. स्वतःच्या चुकीचा भार दुसऱ्या कुणी वाहिला हे त्याला कळले आणि ते कळणे त्याच्या कारभारात उतरले. सातव्या अंकात तो मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याचे दात मोजणाऱ्या मुलाला भेटतो, शकुंतलेच्या पाया पडतो, तो या बदलाचा शेवट आहे. सुरुवात त्या कागदापाशी झाली होती.

दुसरे उदाहरण ‘मृच्छकटिका’चे. देवलांनी ते मराठीत आणले. त्यातला शर्विलक हा चोर. मदनिकेवर त्याचे प्रेम आहे. ती वसंतसेनेची दासी, तिला सोडवायला धन हवे, म्हणून तो चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडतो. थांबून विचार करा. इथे प्रेमाने माणसाला सुधारले नाही, प्रेमाने त्याला चोर केले! चोरलेले दागिने घेऊन तो मदनिकेकडे जातो. तिने ते हसून अंगावर घातले असते तर शर्विलक आणखी दहा घरे फोडता. पण ती दागिने ओळखते, हबकते, त्याला फैलावर घेते आणि म्हणते, हे जिचे आहेत तिला परत दे. तो देतो. वसंतसेना सारे ओळखून मदनिकेला मुक्त करते. आणि त्याच क्षणी मित्र आर्यक तुरुंगात पडल्याचे कानावर येताच हाच शर्विलक नव्या बायकोला घरी पाठवून मित्राच्या सुटकेला धावतो. एका प्रवेशात चोराचा सखा झाला. कशाने? प्रेम तर आधीपासून होतेच. भर पडली ती मदनिकेच्या ‘नाही’ची.

तोच प्रकार हलक्याफुलक्या रीतीने खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (१९११) दिसतो. श्रीमंतीच्या तोऱ्यातली भामिनी गरीब धैर्यधराला नाकारते, आणि धैर्यधरही मान तुकवून उभा राहत नाही. त्याने लाचारी पत्करली असती तर भामिनीला वनमाला होऊन स्वतःकडे नव्याने बघण्याची पाळीच आली नसती.

आता पुन्हा ‘एकच प्याला’कडे येऊ. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पाहून उभा महाराष्ट्र रडला. सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात अपमान झाला आणि तळीरामाने पुढे केलेला एक प्याला त्याने उचलला. पुढची घसरण सर्वांना ठाऊक आहे. सिंधू काय करते? माहेरची मदत घेत नाही, दळण दळते, नवऱ्याविषयी वावगा शब्द काढत नाही. त्याच्या हातून मूल मरते, ती स्वतः मरणाला टेकते, आणि पोलिसासमोरही त्याचा अपराध झाकते.

सुधाकर मध्येच एकदा दारू सोडतो हे आपण विसरतो. तो शपथ घेतो, नोकरी शोधायला बाहेर पडतो, आणि जग त्याला दारूडा म्हणून हिणवते तेव्हा परत फिरतो. म्हणजे माणूस सावरायला घरातल्या एका बाईचे प्रेम पुरत नाही. बाहेरच्या जगाचे दारही थोडे उघडे लागते. आणि घराकडून काय मिळाले? क्षमा. मागण्याआधीच मिळालेली, अमर्याद क्षमा. शेवटी तो खऱ्या अर्थाने शुद्धीवर येतो तेव्हा समोर दोन प्रेते आहेत आणि हातात विष. गडकऱ्यांनी शोकांतिका लिहिली, आणि आपण तिला पतिव्रतेची पोथी करून टाकली. सिंधूचे प्रेम अपुरे होते म्हणून सुधाकर बुडाला असे नव्हे. त्या प्रेमाने त्याला एकदाही जाब विचारला नाही, आणि विचारण्याची सोय त्या काळच्या बायकोला ठेवलेलीच नव्हती.

इथे माझे मित्र मला अडवतील. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, ती काही गप्प बसणारी नाही. तळीराम कुठे सुधारला? आक्षेप रास्त आहे. जाब विचारला की समोरचा बदलतोच असे मी म्हणत नाही. ‘शारदे’तली आईही गप्प नाही, चौदा वर्षांच्या पोरीला पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला तिचा विरोध आहे. पण कांचनभटाला पैशापुढे बायकोही दिसत नाही आणि लेकही. देवलांनी १८९९ मध्ये फार खरी गोष्ट दाखवली, की रक्ताचे नाते आपोआप माया निर्माण करीत नाही. नाते बाजारातही बसू शकते. ते लग्न मोडते ते बापाचे हृदय द्रवल्याने नव्हे. कोदंडाने मुलगी आणि नवरदेव सगोत्र असल्याचे उघड केले म्हणून. कांचनभट सुधारला नाही, पण नाटक पाहणारे अनेक बाप विचारात पडले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला जातो, हा हरविलास सारडांच्या आडनावामुळे जुळलेला योगायोग. पण मराठी माणसाच्या कानाला त्यात देवलांची शारदा ऐकू आली असल्यास नवल नाही.

मासिकाच्या कानडी विभागातील माझ्या मैत्रिणींनी याच विषयावर बोलताना मला गिरीश कार्नाडांच्या ‘ययाती’ची आठवण करून दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. ययातीची कथा मराठी वाचकाला वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीमुळे ठाऊक आहे. धारवाडला शिकलेल्या कार्नाडांनी त्याच सुमारास, ऐन तारुण्यात, तीच कथा कानडीत नाटकरूपाने लिहिली. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. महाभारतात पुरू बापाचे म्हातारपण आनंदाने घेतो आणि आज्ञाधारक मुलगा म्हणून राज्य मिळवतो. कुटुंबप्रेमाचा याहून मोठा दाखला कुठला? कार्नाडांनी एक साधा प्रश्न विचारला. पुरूला बायको असती तर? म्हणून त्यांनी चित्रलेखा निर्माण केली. बापलेकांच्या या थोर त्यागात आपला संसार कुणी विचारला, हा तिचा सवाल. ययाती तिला कर्तव्याचा उपदेश करायला येतो, तेव्हा ती म्हणते की पुरूचे तारुण्य तुम्ही घेतलेत, तर मग माझा स्वीकारही तुम्हीच करा. ययातीची वाचा बसते. ती विष घेते, आणि तिच्या प्रेतासमोर ययाती आपले म्हातारपण परत मागून घेतो.

मुलाच्या प्रेमाने ययाती बदलला नाही. मुलाच्या त्यागाने तर तो अधिकच निर्लज्ज झाला. सुनेच्या प्रश्नाने बदलला. फार उशिरा बदलला.

गप्प राहिलेली सिंधू मेली, आणि बोललेली चित्रलेखाही मेली. मग शकुंतला कशी वाचली? हा प्रश्न मला परीक्षेच्या अभ्यासात नव्हे, आमच्या घरात पडला.

माझी मावसबहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, दोन वर्षांपूर्वी धाकट्या मुलाला कडेवर घेऊन मावशीकडे परत आली. तिचे लग्न ठरले तेव्हा मुलगा पितो हे दोन्हीकडच्या मंडळींना ठाऊक होते, फक्त तिला नव्हते. औषध म्हणून ती दिली गेली होती. आता ती घरी मागाच्या कांड्या भरते, शिवण करते. येणारी जाणारी बाई मावशीला सांगते, “लेकीला पाठवून दे बाई, मायेनं सांभाळून घेऊ दे, सुधारतोय हळूहळू.” कुणी तर तिच्या कांड्या भरण्याकडे बघून कौतुकाने म्हणाले, “अगदी सिंधू हाय बघ.” आक्का त्या वेळी काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, “सिंधूचं पोरगं जगलं काय गं?”

तेव्हा मी पाचवा अंक पुन्हा काढून वाचला. राजाने नाकारल्यावर शकुंतला आश्रमातल्या माणसांच्या मागे निघते. ते तिला अडवतात. तू निर्दोष असशील तर नवऱ्याच्या घरी दासी होऊन राहिलेलेही चांगले, असे तिला सांगितले जाते आणि तिचे माहेर पाठ फिरवून चालू लागते. हे ऋषिकुमार वाईट नाहीत. ते आपल्या गल्लीतलेच आहेत. सासरने नाकारलेली, माहेरने टाकलेली ती बाई त्या क्षणी सिंधूही झाली असती किंवा चित्रलेखाही. पण आई आली. मेनकेच्या लोकीचे तेज येते आणि तिला उचलून नेते. पुढे मारीचाच्या आश्रमात तिला छप्पर मिळते, तिथे तिचे मूल वाढते, सिंहाशी खेळण्याइतके निर्भय होते. दुष्यंताला बदलायला वेळ मिळाला तो या छपरामुळे. तो बदलला नसता तरी शकुंतला आणि भरत जगले असते. मला वाटते, नाटकाचा सगळा जीव इथे आहे.

म्हणून माझे मत असे. नात्याने माणूस बदलतो हे खरे, पण कोणतेही नाते नुसते सोसण्याने कुणाला बदलत नाही. ते नाते आपल्याला जाब विचारू शकते आणि प्रसंगी दार लावून घेऊ शकते, हे ज्याला कळते तो कधीकधी बदलतो. आणि विचारणाऱ्याच्या मागे एखादे उघडे दार असावे लागते. एरवी आपण ‘प्रेम’ म्हणून ज्याची आरती करतो ते दुसऱ्याच्या मुलीला केलेले औषध असते. रोगी बरा झाला तर आमचे शहाणपण, आणि औषधाची बाटली फुटली तर तिचे नशीब.

हे दार नेहमी रक्ताच्याच माणसाने उघडावे असेही नाही. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’त (१९७०) पोटची मुले बेलवलकरांना पारखी होतात, आणि फूटपाथवर बूटपॉलिश करणारा राजा त्यांना जवळ करतो. शेजारी, मैत्रिणी, वर्गातली मुले, कुणीही मारीचाचा आश्रम होऊ शकते.

आक्काचा नवरा या वर्षात दोनदा आला. मावशीने त्याला पायरीवर बसवून चहा दिला, आणि पोराच्या देखत सरळ विचारले, “सोडलास काय?” पहिल्या वेळी तो उठून गेला. दुसऱ्या वेळी खाली मान घालून बसून राहिला. तो सुधारेल की नाही हे मला सांगता यायचे नाही. आक्काही ते धरून बसलेली नाही. तिने मुलाचे नाव इथल्या शाळेत घातले आहे.

पुढच्या संमेलनात ‘शाकुंतला’चा प्रवेश करायचा आमचा विचार आहे. बहुतेकांना चौथा अंक हवा आहे. मी पाचव्यासाठी हट्ट धरणार आहे, आणि त्या दोन आज्यांना पुढच्या रांगेत बसवणार आहे.